खुर्चीनंतरची पानं

चरित्रं मी मागून वाचतो. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडणाऱ्याला लोक नावं ठेवतात. पण चरित्रनायक अखेरीस वारतो हे तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, तेव्हा त्यात लपवाछपवी कसली? शिवाय सुरुवातीच्या प्रकरणांवर माझा फारसा विश्वास नाही. जन्मवेळचा शुभशकुन, शाळेतला द्रष्टा मास्तर, लहानपणीच दाखवलेला बाणेदारपणा. थोरांचं बालपण ते थोर झाल्यावरच लिहिलं जातं, त्यामुळे ते थोर असायलाच हवं. मधल्या लढाया, तह, निवडणुका इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतात. मला वाचायचं असतं ते खुर्ची गेल्यानंतरचं. दारावरचा पहारा उठलाय, टपाल रोडावलंय, हांजी हांजी करणारे दुसऱ्या दारात गेलेत, आणि माणूस सकाळी उठून बसलाय. आता तो काय करतो?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन जानेवारी १९५३ मध्ये पद सोडून मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी परतले. घरी पोचल्यावर पहिलं काम काय केलंत, असं पत्रकारानं विचारलं. ट्रूमन म्हणाले, बॅगा माळ्यावर नेऊन ठेवल्या. ज्याच्या हुकमानं हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, त्याच्याकडे आता ना सरकारी गाडी होती ना अंगरक्षक. माजी राष्ट्राध्यक्षाला तेव्हा पेन्शनच नसे. नियमित पैसा म्हणजे जुन्या लष्करी नोकरीचे दरमहा ११२ डॉलर ५६ सेंट. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते स्वतः गाडी चालवत बायकोला घेऊन पूर्व किनाऱ्याकडे फिरायला गेले आणि वेगवान गाड्यांच्या मार्गिकेत रेंगाळल्याबद्दल पोलिसानं त्यांना बाजूला घेतलं. पुढे १९५८ मध्ये कायदा झाला आणि माजी अध्यक्षांना वर्षाला २५ हजार डॉलर मिळू लागले. ट्रूमन यांच्या कारकिर्दीत मोठमोठ्या घटनांची रांग आहे, पण माळ्यावर बॅगा नेणारा हा म्हातारा मला त्या सगळ्यांहून जास्त कळतो.

सत्ता सोडण्याची कला सत्ता मिळवण्याच्या कलेपेक्षा साफ वेगळी असते. पहिलीत पारंगत असलेला दुसरीत ढ असू शकतो, आणि उलटही. रोमच्या सुल्लाचंच घ्या. त्यानं रोमवर सैन्य घातलं, हुकूमशहा झाला, ज्यांना मारायचं त्यांच्या नावांच्या याद्या भर चौकात लावल्या. यादीतल्या माणसाला कुणीही मारावं आणि बक्षीस घेऊन जावं. आणि एवढं सगळं करून इसवी सनापूर्वी ७९ च्या सुमारास त्यानं आपणहून पद सोडलं आणि खासगी माणूस म्हणून वावरू लागला. ॲपियन हा इतिहासकार सांगतो, की एक तरुण पोरगा त्याला शिव्या देत घरापर्यंत मागे मागे आला. सुल्लानं मुकाट ऐकून घेतलं. घराच्या दाराशी एवढंच म्हणाला, की या पोरामुळे यापुढे कुणी असली सत्ता खाली ठेवणार नाही. वर्षभरात तो वारला, अंथरुणात, नैसर्गिक मरणानं. हजारोंना मारणाऱ्याला हे मरण मिळावं याचा राग येतो, पण इतिहास आपल्या रागालोभाची दखल घेत नाही.

ज्यूलियस सीझरला सुल्लाचा हा निर्णय हास्यास्पद वाटे. सुल्लाला राजकारणाची बाराखडीच येत नव्हती, असं तो म्हणे. इसवी सनापूर्वी ४४ च्या फेब्रुवारीत सीझर तहहयात हुकूमशहा झाला. १५ मार्चला त्याचा खून झाला. तहहयातचा हिशेब जुळला म्हणायचा.

स्वेच्छेनं गादी सोडणाऱ्यांत सगळ्यात लाडका म्हणजे सम्राट डायोक्लेशन. त्याची कोबीची गोष्ट इतकी गोड आहे, की ती कुठेही थांबवली तरी चालते, आणि म्हणूनच सगळे ती चुकीच्या जागी थांबवतात. हा माणूस साध्या घरातला, सैन्यातून वर आलेला. इसवी सन २८४ मध्ये सम्राट झाला. रोमचा पसारा एकट्यानं आवरत नाही हे ओळखून त्यानं दोन थोरले आणि दोन धाकटे अशा चार सम्राटांची व्यवस्था बसवली. महागाई आवरायला ३०१ मध्ये वस्तूंचे कमाल दर ठरवून देणारा हुकूम काढला. तो अर्थातच फसला. ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू केला. आणि १ मे ३०५ रोजी, आजारानं खंगलेला असताना, सैन्यासमोर उभं राहून पद सोडलं. जोडीदार मॅक्झिमियनलाही त्याच दिवशी सोडायला लावलं. मग ॲड्रियाटिकच्या काठी, सलोना शहराजवळ बांधून घेतलेल्या प्रचंड वाड्यात जाऊन राहिला.

तीन वर्षांत त्याची घडी विस्कटली. वारसदार एकमेकांच्या उरावर बसले. मॅक्झिमियनचा तर पाय सत्तेतून निघालाच नव्हता. तो केव्हाच परत आला होता. ३०८ मध्ये डॅन्यूबकाठच्या कार्नुंटमला सगळे जमले, तेव्हा म्हाताऱ्या डायोक्लेशनला गळ घातली गेली, की परत या. त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: सलोनाला मी माझ्या हातानं लावलेला कोबी तुम्ही पाहिला असता, तर ही गोष्ट तोंडातून काढली नसती.

निवृत्तीच्या भाषणांत लोक हा कोबी इथवर आणून ठेवतात आणि टाळ्या घेतात. पुढचं पान कुणी वाचत नाही. डायोक्लेशनची मुलगी व्हॅलेरिया धाकट्या सम्राटाला, गॅलेरियसला दिलेली होती. तो ३११ मध्ये मेल्यावर दुसऱ्या एका सम्राटानं, मॅक्सिमिनस डायानं, तिला लग्नाची मागणी घातली. तिनं नकार दिला. त्यानं तिची मालमत्ता काढून घेतली आणि तिला आईसकट हद्दपार केलं. बापानं माणसं पाठवली, विनवण्या केल्या, मुलीला माझ्याकडे पाठवा म्हणून कळवलं. ज्याच्या एका शब्दावर सरहद्दी हलत, त्याच्या पत्राला आता उत्तरही येईना. तो मेला त्यानंतर काही काळानं या मायलेकींना थेसालोनिकात पकडून ठार मारण्यात आलं. हे सांगणारा लॅक्टॅन्शियस ख्रिस्ती आणि डायोक्लेशनचा कट्टर वैरी, त्यामुळे त्याच्या लेखणीला आनंदाची धार आहे. पण मूळ हकिकत अविश्वसनीय वाटत नाही. सत्तेवर पाणी सोडलं की सत्तेपासून सुटका होते, ही आपली भाबडी समजूत. जी यंत्रणा डायोक्लेशननं स्वतः उभी केली होती, तिच्यातच त्याची मुलगी चिरडली गेली, आणि तिला थांबवायचा खटका आता दुसऱ्यांच्या हातात होता.

त्या वाड्याचं पुढे झालं ते वेगळंच. सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झालं आणि जीव वाचवून आलेले लोक वाड्याच्या भिंतींआड येऊन राहिले. तेच आजचं क्रोएशियातलं स्प्लिट शहर. डायोक्लेशनची समाधी होती तिथे चर्च झालं, आणि ते ज्याच्या नावानं आहे तो संत डोम्नियस सलोनाचा बिशप, डायोक्लेशनच्याच छळात मारला गेलेला. काव्यगत न्याय वगैरे म्हणतात तो सहसा कादंबऱ्यांतच भेटतो. इथे दगडात आहे.

स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट असलेला पाचवा चार्ल्स दुसऱ्या टोकाचा. निरोप कसा घ्यावा हे त्याच्याकडून शिकावं, आणि निरोप घेतल्यावर कसं वागू नये हेही. २५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रसेल्सच्या राजवाड्यात तो नेदरलँड्सच्या सरदारांसमोर आला. वय ५५, पण संधिवातानं शरीराची पार लाकडं झालेली. एका हातात काठी आणि दुसरा हात एका तरण्या सरदाराच्या खांद्यावर. चष्मा लावून टिपणं पाहात त्यानं आयुष्याचा हिशेब मांडला: जर्मनीला नऊ वेळा गेलो, स्पेनला सहा, इटलीला सात, फ्लँडर्सला दहा, फ्रान्सला चार, इंग्लंडला दोन आणि आफ्रिकेला दोन. चुका झाल्या असतील तर माफ करा म्हणाला. सभा रडली, तोही रडला. ज्याच्या खांद्यावर हात होता तो बावीस वर्षांचा ऑरेंजचा विल्यम. पुढे यानंच चार्ल्सच्या मुलाविरुद्ध, दुसऱ्या फिलिपविरुद्ध, नेदरलँड्सचं बंड उभं केलं. त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानीमनी असायचं कारण नव्हतं.

१५५७ च्या फेब्रुवारीत चार्ल्स स्पेनमधल्या युस्तेच्या मठालगत बांधलेल्या घरात राहायला गेला. जगाचा सम्राट मठात गेला म्हटल्यावर युरोपभर हळहळ झाली. पण सोबतचा लवाजमा पाहिला तर वैराग्य जरा बेतानंच दिसतं. पन्नासेक नोकर, बिअर बनवणारा खास माणूस, टिशियनची चित्रं, आणि घड्याळांची आवड म्हणून तुर्रियानो नावाचा निष्णात घड्याळजी. संधिवाताला वर्ज्य ते सगळं ताटात: खारवलेले मासे, कालवं, मांस. वैद्य हात जोडून थकले. दोन घड्याळांना सारखी वेळ दाखवायला लावता येईना तेव्हा, माणसांना सारखा विचार करायला लावणारा मी कोण, असं तो म्हणाल्याची गोष्ट सांगतात. मला ती फारच बेतलेली वाटते. खरी वाटते ती दुसरी: १५५७ मध्ये सेंट कँताँच्या लढाईत मुलाच्या सैन्यानं फ्रान्सला हरवल्याची बातमी आली, तेव्हा म्हाताऱ्यानं विचारलं, फिलिप पॅरिसला पोचला का? तो पोचला नव्हता, आणि बापाला ते लागलं. मठाच्या दाराशी टपालाचे घोडेस्वार येत-जात राहिले. सल्ले, चौकश्या, पैशांच्या कटकटी, सगळं शेवटपर्यंत चालूच होतं. सप्टेंबर १५५८ मध्ये तो वारला. मुकुट उतरवला होता, डोकं मात्र तिथेच होतं.

हाकललेल्यांची जात आणखी निराळी. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याला कैसर, म्हणजे सम्राट, दुसऱ्या विल्हेल्मनं मार्च १८९० मध्ये घरी बसवलं, तेव्हा तो पंचाहत्तरीला टेकला होता. पुढची आठ वर्षं त्यानं फ्रीड्रिक्सरूच्या इस्टेटीत बसून फक्त सूड घेतला. वर्तमानपत्रांना खाद्य पुरवलं, रशियाशी झालेल्या गुप्त कराराची बातमी १८९६ मध्ये फोडली, आठवणींच्या तिसऱ्या भागात कैसरचे वाभाडे काढले. थडग्यावर काय लिहायचं तेही सांगून गेला: कैसर पहिल्या विल्हेल्मचा एकनिष्ठ जर्मन सेवक. पहिल्या. दुसऱ्याला यापेक्षा सभ्य चपराक देता आली नसती. बिस्मार्कचं हे प्रकरण वाचायला झकास आहे, पण जर्मनी एक करणाऱ्या माणसाच्या डोक्यात आठ वर्षं दुसरं काही आलं नाही याचा विषादही वाटतो.

फ्रान्सचा शार्ल द गॉल खुर्चीतून दोनदा उठला आणि दोन्ही वेळचा माणूस निराळा आहे. जानेवारी १९४६ मध्ये पक्षांच्या भांडणांना कंटाळून त्यानं राजीनामा फेकला तो पक्का हिशेब करून: माझ्याशिवाय यांचं चालणार नाही, महिन्याभरात बोलावतील. बोलावणं आलं ते १९५८ मध्ये. बारा वर्षं कोलोंबे गावातल्या घरात त्यानं वाट पाहिली, आठवणी लिहिल्या. १९६९ मध्ये मात्र सिनेट आणि प्रांतरचनेच्या सुधारणांवर त्यानं सार्वमत घेतलं, हरलो तर जाईन असं आधीच सांगितलं, आणि २७ एप्रिलला हरला. मध्यरात्रीनंतर दोन वाक्यांचं निवेदन निघालं: प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाचं काम मी थांबवतो आहे, हा निर्णय आज दुपारी बारापासून अमलात येईल. बस्स. कारणं नाहीत, आभार नाहीत, कुणाला टोमणा नाही. नव्या निवडणुकीच्या धामधुमीत तो आयर्लंडला निघून गेला, म्हणजे कुणी तोंडासमोर ध्वनिक्षेपक धरायला नको. अध्यक्षाचं पेन्शन नाकारलं. परत येऊन पुन्हा लिहायला बसला. ९ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी घरी एकट्यानं पत्ते लावत असताना कोसळला आणि गेला. आठवणींचा नवा खंड अर्धाच राहिला.

अंत्यविधी कसा करायचा हे त्यानं १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं: राष्ट्रीय सोहळा नको, मंत्री नकोत, भाषणं नकोत. कोलोंबेच्या दफनभूमीत, मुलीच्या शेजारी. ही मुलगी म्हणजे आन. तिला डाउन सिंड्रोम होता. १९४८ मध्ये वीस वर्षांची होऊन ती गेली. फ्रान्सलाही टाकून बोलणारा हा ताठ माणूस तिच्यासमोर गाणी म्हणे, नकला करे. दगडावर नाव आणि जन्म-मृत्यूची सालं एवढंच आहे. याच्या अहंकाराचा मला कायम वैताग येत आला, पण या पानांपाशी माझी तक्रार जरा खालच्या पट्टीत जाते.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर दुसऱ्या बाजीरावाचं प्रकरण चरित्रकार घाईघाईत संपवतात. पळपुटा म्हणून शिक्का मारला की झालं. पण जून १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मालकम याच्या स्वाधीन झाला तेव्हा हा पेशवा जेमतेम चाळिशी ओलांडलेला होता. पुण्याशी कायमचा संबंध तोडायचा, कंपनीच्या देखरेखीखाली राहायचं आणि वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे, असा सौदा. एवढी रक्कम कबूल केल्याबद्दल मालकमवर त्याच्याच लोकांनी टीका केली. बाजीरावानं राहायला कानपूरजवळचं ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर निवडलं, आणि मग तो जगला. जगतच राहिला. जानेवारी १८५१ पर्यंत, साडेबत्तीस वर्षं. कंपनीला त्याची किंमत अडीच कोटींच्या घरात पडली. पराभूत माणसानं जेत्याला दिलेला हा सर्वात लांबलचक त्रास असावा, आणि तोही केवळ श्वास घेऊन.

त्या साडेबत्तीस वर्षांत त्यानं काय केलं? लग्नं केली, अनुष्ठानं केली, दानधर्म केला, घाट आणि देवळं बांधली. कंपनीचा कमिशनर दाराशी बसून नजर ठेवून होता. पुण्याहून मागोमाग आलेली हजारो माणसं त्या आठ लाखांवर पोसली जात होती, त्यामुळे बिठुरात एक छोटंसं पुणंच वसलं. चरित्रकाराला यात लिहिण्यासारखं काही दिसत नाही. मला दिसतं. कारण याच निरुद्योगी दरबाराच्या आसऱ्याला तांबे नावाचं एक कुटुंब होतं, त्यांची मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. पांडुरंगराव टोप्यांचा मुलगा तात्या इथलाच. आणि दत्तक मुलगा नानासाहेब. बाजीराव गेल्यावर डलहौसीनं पेन्शन बंद केलं. नानासाहेबाचा वकील अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परत आला. पुढचं १८५७ सगळ्यांना पाठ आहे. गादीवर असताना बाजीरावानं इंग्रजांचं जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं त्याच्या पेन्शनच्या घरात वाढलेल्यांनी केलं. हे श्रेय त्याला द्यावं की नाही मला ठरवता येत नाही. बहुधा देऊ नये. पण ती पानं गाळूही नयेत.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर युलिसिस ग्रँट. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेला जिंकून देणारा सेनापती, मग दोनदा राष्ट्राध्यक्ष. निवृत्तीनंतर मुलाच्या भागीदारीतल्या एका पेढीत सगळा पैसा घातला. भागीदार लबाड निघाला आणि १८८४ च्या मे महिन्यात पेढी बुडाली. देणं फेडायला ग्रँटनं युद्धातल्या तलवारी आणि मानचिन्हंसुद्धा सावकाराच्या हवाली केली. त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला. जन्मभर ओढलेल्या सिगारांचा हिशेब. बायकोच्या मागे काही राहावं म्हणून तो आठवणी लिहायला बसला. मार्क ट्वेननं प्रकाशनाची जबाबदारी घेतली आणि नफ्यातला ७० टक्के वाटा देऊ केला. आवाज गेल्यावर ग्रँट चिठ्ठ्या लिहून बोलू लागला. डॉक्टरला लिहिलेल्या एका चिठ्ठीत म्हणतो, मला वाटतं मी सर्वनाम नसून क्रियापद आहे. असणं, करणं आणि सोसणं दाखवतं ते क्रियापद, आणि मी तिन्ही दाखवतो. पुस्तक हातावेगळं केलं आणि आठवडाभरातच, २३ जुलै १८८५ ला तो गेला. बायकोला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. त्या दोन खंडांत राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं जवळपास नाहीतच. लढाया आहेत, नकाशे आहेत, घोडे आहेत. आपलं खरं काम कोणतं होतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

मला मनापासून भावतात ते मात्र वरून उतरून खालच्या पायरीवर कामाला लागलेले. यांची संख्या थोडी. मोठ्या पदावरून उतरलेल्याला लहान पदावर बसताना पाहणं लोकांनाच अवघड जातं. त्याची शोभा जाते म्हणतात.

जॉन क्विन्सी ॲडम्सची गेली नाही. हा अमेरिकेचा सहावा अध्यक्ष, अध्यक्षाचाच मुलगा, विद्वान, तुसडा, आणि अध्यक्ष म्हणून तसा निष्प्रभ. १८२८ ची निवडणूक हरला. दोन वर्षांनी गावकऱ्यांनी विचारलं, खासदारकीला उभे राहाल का? राहिला, आणि १८३१ पासून मरेपर्यंत प्रतिनिधिगृहात बसला. तिथे गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला येऊच नयेत असा नियम बहुमतानं करून ठेवला होता. म्हातारा दर अधिवेशनात अर्जांचे गठ्ठे घेऊन उभा राही, लोक ओरडत, तो वाचायला लागे. ठपक्याचे ठराव आले, धमक्या आल्या. आठ वर्षं झुंजून १८४४ मध्ये तो नियम त्यानं रद्द करवला. मधल्या काळात, १८४१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात उभा राहून ‘आमिस्ताद’ जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांची सुटका मिळवली. अध्यक्षपदाची चार वर्षं त्याच्या चरित्रात एखाद्या चुकून लागलेल्या पानासारखी वाटतात. २१ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिको युद्धातल्या सेनानींच्या गौरवाचा ठराव आला. त्याला ते युद्धच मान्य नव्हतं. तो ‘नाही’ म्हणाला आणि थोड्याच वेळात बाकावर कोसळला. हलवण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून सभापतींच्या दालनात ठेवलं; दोन दिवसांनी तिथेच गेला. त्या सभागृहात तेव्हा इलिनॉयचा एक नवखा खासदार होता, अब्राहम लिंकन.

श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके १९६० मध्ये जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. १९८० मध्ये त्यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेण्यात आले. १९९४ मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या, तोवर नव्या राज्यघटनेनं खरी सत्ता राष्ट्राध्यक्षांकडे नेलेली होती, आणि राष्ट्राध्यक्ष होती त्यांची मुलगी. आईनं मुलीच्या हाताखाली तेच पद, आतून पोकळ झालेलं, सहा वर्षं सांभाळलं. ऑगस्ट २००० मध्ये प्रकृतीमुळे सोडलं. १० ऑक्टोबरला निवडणूक होती. मत देऊन घरी परतताना त्यांचं निधन झालं.

चिंतामणराव देशमुखांबद्दल मराठी माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. इथे आपलं चरित्र संपतं, कारण आपल्याला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं. ते मात्र पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, ज्यानं देशाचे अर्थसंकल्प मांडले आणि कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणलं, तो माणूस शिक्षणाचा कारभार पाहात होता. राजीनाम्याच्या एका दिवसावर आपण भाषणं ठोकतो. त्या पुढच्या अकरा वर्षांवर किती पानं आहेत ते मोजावं.

आणि राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल. त्यानंतर केंद्रात मंत्री. त्यानंतर १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री. पायऱ्या इतक्या सरळ उतरलेला माणूस आपल्या राजकारणात दुसरा नसेल. पण त्यांना साधुपुरुष करून ठेवू नये. मुलांनी अर्धा वेळ शाळेत जावं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा अशी योजना त्यांनी काढली, ती जातीची उतरंड पक्की करणारी आहे म्हणून रान उठलं, आणि १९५४ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आले कामराज, पक्षातले जुने प्रतिस्पर्धी. कामराजांनी शाळा वाढवल्या, दुपारचं जेवण सुरू केलं. मग २ ऑक्टोबर १९६३ ला त्यांनी आपणहून मुख्यमंत्रिपद सोडलं, पक्षाच्या कामासाठी. त्यांच्याच योजनेखाली केंद्रातले आणि राज्यांतले कितीतरी बडे उठले. त्यागाची देशभर वाहवा झाली. त्या त्यागानं कामराजांचं वजन उलट वाढलं: १९६४ आणि १९६६, दोन पंतप्रधान ठरले ते त्यांच्या मध्यस्थीनं.

राजाजींनी १९५९ मध्ये, वयाच्या ऐंशीत, जुन्या काँग्रेसी सहकाऱ्यांविरुद्ध ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष काढला होता. १९६७ मध्ये त्यांनी द्रमुकशी हात मिळवून मद्रासमध्ये काँग्रेसला पाडलं, आणि त्या लाटेत विरुदुनगरला कामराज एका विद्यार्थी नेत्याकडून हरले. हिशेब चुकता झाला असं वाटेपर्यंत १९७१ आलं. काँग्रेस फुटलेली होती. इंदिरा गांधी आणि द्रमुक एका बाजूला, आणि त्यांच्याविरुद्ध तामिळनाडूत राजाजी आणि कामराज एकत्र. सबंध आयुष्य एकमेकांच्या वाटेत काढलेले हे दोघे एका मांडवात आले आणि साफ हरले. राजाजी तेव्हा ९२ वर्षांचे होते. निकाल लागले, आणि ते आपले ‘स्वराज्य’ साप्ताहिकात सरकारवर लिहीतच राहिले.